आपाच्या विजोड बांगड्या

माझी थोरली बहीण, आमची आपा, आधी गाण्यांच्या कॅसेटींमुळे गाजली आणि मग सिनेमात गेली. तिच्याविषयी पेपरांत जे काही छापून आलं, त्यातलं निम्मं मला आजही पटत नाही. 'गरिबीतून वर आलेली' असं एकानं लिहिलं. आम्ही काही गरीब नव्हतो. पौडच्या बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि ईदला आळीभर शिरखुर्मा पोचवताना आमच्याकडे दूध कधी कमी पडलं नाही. दुसऱ्यानं लिहिलं, तिला गाणं कुणी शिकवलंच नाही. हे तर साफ खोटं. तिला गाणं दुकानानं शिकवलं. त्या दुकानात तिच्या शेजारी मांडी घालून मी मोठी झाले, तेव्हा हे सांगायचा हक्क माझा आहे.

आम्ही मणियार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे हात भरणारे मुसलमान. अब्बा सायकलवर बांगड्यांच्या माळा लटकवून गावोगावच्या बाजारांना जात आणि माझी अम्मा दुकान सांभाळी. काचेची बांगडी हातात चढताना दुखते. अंगठ्याखालचं हाड आडवं येतं, ते दाबून, हात मऊ करून बांगडी सरकवावी लागते. मोठ्या बायकांना अम्मा बोलण्यात गुंतवायची. माहेरची चौकशी, म्हैस व्याली का, जावेशी बोलणं सुरू झालं का. आणि बाई उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटात. पण लहान पोरी रडून दुकान डोक्यावर घ्यायच्या. मग अम्मा आपाला हाक मारायची, "ए, गा गं जरा."

आपा काहीही गायची. बाजारातल्या आरोळ्या, यष्टीचे थांबे, समोरच्या हलवायाच्या ताटातले जिन्नस, सगळं चालीत बसवायची. अम्माचा अंगठा हाडावर आला की आपा एकदम आवाज वर न्यायची, पोरगी रडायचं विसरून तोंड उघडं टाकून बघत राहायची, आणि तेवढ्यात बांगडी आत. पुढे तिच्या गाण्यांतली ती अचानक उंच जाणारी ओळ फार नावाजली गेली. परदेशी संगीताचा परिणाम, असं एका जाणत्यानं म्हटलं. मी वाचून पोट धरून हसले. परदेश कसला? तो अम्माचा अंगठा होता.

कासारसाईच्या एका लग्नात चुडा भरताना ती अशीच गात होती. तिथं मांडवात लाउडस्पीकर लावणारा माणूस पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रातही काम करायचा. त्यानं तिला नेऊन गाऊन दाखवायला लावलं. ऑर्केस्ट्रावाल्यांनी ठेवून घेतलं. मग एक रेकॉर्ड निघाली, आणि कॅसेटींचे दिवस आले तशी हिची कॅसेट घरोघर पोचली. मागे गिटार, ढोलकी आणि ड्रम, आणि पुढे आमच्या आपाचा तो खणखणीत आवाज. वेष्टनावर 'पॉप' असं छापलं होतं. पौडात त्याचा अर्थ कुणी विचारला नाही. सगळे त्यांना बेंजोची गाणी म्हणायचे आणि नाचायचे.

अब्बांना हे सोपं गेलं नाही. काही दिवस ते जेवताना ताटाकडेच बघत. शेवटी अम्मा म्हणाली, "दुकानात गाती तवा चालतंय, मग तितं काय झालं? गिऱ्हाईक जरा जास्त, यवढंच." अब्बांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. तोंडावर मात्र अम्मानं आपाचं कौतुक कधी केलं नाही. शेजारणीनं कॅसेटचं नाव काढलं की म्हणायची, "गाती बरी. पर हात भरायला शिकली न्हाई नीट." आपाला हे लागायचं. मला माहीत आहे, कारण ती पुण्याहून आली की आधी अम्माच्या तोंडाकडे बघायची.

त्या आधी आमच्या भागात 'गाणारी पोरगी' हा चांगला शब्द नव्हता, हे आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही. बाई गायची ती जात्यावर, हळदीला, नाहीतर बाळाला झोपवताना. चारचौघांत आवाज लावला की लोक बापाचं नाव विचारत. आपाची कॅसेट आली आणि हे बघता बघता बदललं. भात लावणाऱ्या बायका तिचं गाणं बांधापलीकडल्या बायकांना ऐकू जाईल असं गाऊ लागल्या. शाळेच्या गॅदरिंगला पोरींच्या आया स्वतः मास्तरांकडे जाऊन "हिला बी घ्या की" म्हणायला लागल्या. मारुंजीची एक सासू मला म्हणाली होती, सून गात्ये म्हणून घरात कुठं आहे ते कळतं, बरं पडतं. माझी बहीण काय करून गेली, असं कुणी विचारलं तर मी पुरस्कार सांगत नाही. मी ही सासू सांगते.

मग सिनेमा आला. आधी गाण्यापुरतं तोंड दाखवायला बोलावलं होतं, पण कॅमेऱ्यासमोर ही अशी काही उभी राहिली की पुढच्याच चित्रपटात नायिका केली. शूटिंगला निघायच्या आदल्या दिवशी ती घरी आली. अम्मानं तिचे दोन्ही हात भरले. त्या वर्षी आमच्याकडे हिरव्या बांगड्यांवर पिवळे ठिपके असलेला माल आला होता आणि तो इतका चालला की मुळशीतल्या निम्म्या बायकांच्या हातात तोच दिसे. अम्मानं तोच घातला. चांगल्या कामाला निघालेल्या लेकीचे हात भरून पाठवले, एवढंच तिच्या मनात होतं.

आता इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बांगडी फुटली, असं आम्ही म्हणत नाही. ती वाढली म्हणतो. माझ्या हातून अख्खी माळ दगडी पायरीवर पडून चुरा झाला, तरी अम्मा कपाळाला हात लावून म्हणायची, "किती वाढवल्यास गं भवाने!" नवऱ्यामागं राहिलेल्या बाईच्या बांगड्या उतरवायच्या वेळी मणियारानं तिथं थांबूही नये, असा आमच्याकडे दंडक. आम्ही हात भरणारी माणसं. लग्नाचा चुडा आमच्या हातचा लागतो, सातव्या महिन्यातल्या लेकीचे हात आम्हीच भरतो, आणि भरून झाले की बाई आमच्या पाया पडते. गावानं हा मान दिला तो आमचा हात शुभ म्हणून. तो शुभ नाही असं एकदा कुणाच्या मनात आलं, की दुकान संपलं.

तो सिनेमा पौडच्या जत्रेत तंबूत लागला. तंबूवाल्यानं आपाला आवर्जून बोलावलं होतं. ती आली, पण पुढं खुर्चीवर बसली नाही. डोक्यावर पदर घेऊन आमच्याबरोबर बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली. आजूबाजूला सगळी ओळखीची तोंडं होती. भुकूमच्या काकू आमच्या पुढंच होत्या. मोठं शेतकरी घराणं, त्यांच्या घरातला प्रत्येक चुडा अम्मानंच भरलेला, आणि पंधरवड्यात त्यांच्या नातीचं लग्न होतं. पडद्यावर आपा आली तशा शिट्ट्या झाल्या, पुरुषांकडून टोप्या उडाल्या. तिचं गाणं लागलं तेव्हा बायकांनी अख्खं गाणं तिच्याबरोबर म्हटलं. अम्माचा नुसता गुडघा तालावर हलत होता. तो मी पाहिला आणि आपालाही कोपरानं ढोसून दाखवला.

मध्यंतरानंतर कथेतला नवरा मेला. आपा पडद्यावर धावत आली, उंबऱ्याशी बसली, आणि दोन्ही हात दगडावर आपटले. कॅमेरा हातांच्या अगदी जवळ. हिरव्या बांगड्या, पिवळे ठिपके. एक एक करून सगळ्या गेल्या.

तंबूत कुणी हुंदका दिला नाही. माझ्या पुढच्या बाईनं मान खाली घालून स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मग तिच्या शेजारणीनं. मग सगळ्याच जणी आपापल्या हातांकडे बघू लागल्या, कारण तीच बांगडी, तेच ठिपके, त्याच दुकानातले, त्यांच्याही हातांत होते. खेळ सुटला आणि बायका आमच्याशी न बोलता उठून गेल्या. भुकूमच्या काकूंनी जाताना आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

घरी आल्यावर अम्मानं एकच विचारलं, "त्या माज्याच व्हत्या का?"

"व्हय," आपा म्हणाली. "त्यांनी प्लॅस्टिकच्या दिल्या होत्या, अम्मा. त्या दगडावरनं उडायच्या नुसत्या. लोक हसले असते. काम खोटं झालं असतं."

अम्मानं अंथरूण घातलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी खरं सांगते, त्या वेळी मला दोघींचाही राग आला आणि दोघींचाही अभिमान वाटला. एकीनं काम चोख व्हावं म्हणून आईनं भरलेल्या बांगड्या दिल्या. दुसरी आपल्या कामाची इभ्रत गेली म्हणून न रडता पडून राहिली. दोघी एकाच मातीच्या, आणि दोघींना ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसे, त्यात लग्नसराई. अम्मानं पहाटे उठून गादी झटकली, माळा पुसल्या, साबणाचं पाणी भरून ठेवलं. समोरच्या हलवायाकडे गर्दी झाली. भांड्यांच्या दुकानात गर्दी झाली. आमच्या पायरीवर कुणी पाय ठेवला नाही. ओळखीची बाई समोरून गेली की अम्मा किंचित पुढं सरकायची आणि ती पुढं निघून गेली की परत मागं टेकायची. अब्बा उगीचच सायकलच्या चाकात हवा भरत बसले. आपा आत पिशवी भरत होती. दुपारच्या गाडीनं तिला पुण्याला आणि तिथून पुढच्या शूटिंगला जायचं होतं. तिच्या हातात नुसतं घड्याळ होतं. शूटिंगला सारखी काढघाल करावी लागते म्हणून ती तेव्हा काही घालतच नसे.

ऊन चांगलं तापल्यावर भुकूमच्या काकू आल्या. एकट्या नाही, मागं बायकांचा घोळका. त्यांच्या भावकीतल्या, भूगावच्या, दोघीतिघी कासारसाईच्याही. रात्री तंबूत होत्या त्याच. सगळ्या पायरीखाली उभ्या राहिल्या. अम्मा उठली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"काकू, नातीच्या चुड्याचं सांगाया आलाव व्हय? दुसऱ्याला सांगितलं आसंल तर माजा राग न्हाई."

"कुनाला सांगू? तू मेलीस का काय?" काकू म्हणाल्या. "पोरगी कुटं हाय तुजी, ते सांग आदी."

आपा बाहेर आली. काकूंनी तिचा हात धरून उलटा-सुलटा करून पाहिला, बाजारात वांगी बघतात तसा. "बगा गं बायांनो. रिताच हाय अजून. काल डोळ्याला डोळा लागला न्हाई माजा. मिटलं की हेच हात."

"काकू, सिनेमा होता तो," आपा हसत म्हणाली. "तसलं सगळं खोटं असतंय."

"मला नगं शिकवूस. शिनुमा खोटा, नवरा खोटा, त्येचं मरान खोटं. हात तर तुजाच व्हता का न्हाई? आन् बांगड्या तुज्या आयच्या. त्या तर खऱ्याच वाढल्या." काकू पायरी चढून थेट गादीवर बसल्या. "असं रितं हात घिऊन यष्टीत बसू द्यायची न्हाई आमी तुला. भाबी, पाट घाल. पोरीचं हात भर."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. आपाचं लग्न झालेलं नाही, पडद्यावरचा नवरा शूटिंगच्या वेळी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत होता, हे या बायकांना माहीत नव्हतं असं नाही. काकूंनी मुळशी धरणाएवढे सिनेमे पाहिले होते. पण हात रिकामा झाला की भरायचा, एवढं त्यांना कळत होतं, आणि त्यापुढं सिनेमा बिनेमा काही नाही. या चुकीवर मी आजही जीव ओवाळून टाकीन.

अम्मानं पाट घातला. तेच हिरव्यावर पिवळे ठिपके काढायला लागली, तर काकू म्हणाल्या, "थांब. माज्याकडची घाल. ती लाल घे." लगेच मागची म्हणाली, "मग माज्याकडची निळी." तिसरीला सोनेरी काठाची हवी. एकीनं जांभळी उचलली, एकीनं शेवाळी, एक म्हातारी आजी काळी म्हणाली, नजर लागू नये म्हणून. प्रत्येकीला आपण निवडलेली, आपल्या नावची एक बांगडी त्या हातावर हवी होती. अम्मानं आयुष्यात विजोड हात भरला नव्हता. रंगाला रंग आणि नगाला नग जुळला नाही, तर गिऱ्हाइकाला परत पाठवणारी बाई. तिनं तो ढीग एकदा बोटांनी चाळला. मग तिनं आपाचा हात साबणाच्या पाण्यात बुडवला आणि पहिली लाल बांगडी घेतली.

अम्माचा अंगठा हाडावर आला तसा आपानं सवयीनं आवाज लावला. यष्टीच्या थांब्यांचं जुनं गाणं. पिरंगुट, भुकूम, भूगाव. बायका आधी हसल्या, मग त्याही म्हणायला लागल्या, आणि बाजारातली माणसं गाणं ऐकून दुकानापुढं थांबली. प्रत्येक बांगडीला आपाचा आवाज वर जायचा आणि बांगडी आत. शेवटची चढल्यावर काकू म्हणाल्या, "पाया पड की आयच्या. हात भरला तिनं."

आमच्यात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. पण आपानं अम्माचा तो ओला हात उचलला आणि आपल्या कपाळाला लावून ठेवला. अम्मानं काढून घेतला नाही. मग खालच्या बायकांना म्हणाली, "आता उभ्या का? या की वर, जिला भरायच्या हायेत तिनं." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला पाणी प्यायलासुद्धा उठता आलं नाही. काकूंच्या नातीचा चुडा अर्थात अम्मानंच भरला.

पुढचं थोडक्यात. नव्या सिनेमाच्या सेटवर आपाला सांगितलं, हे रंगीबेरंगी उतरव, साडीशी जुळत नाही. ती म्हणाली, साडी बदला. साडी बदलली! नवीन कॅसेटच्या वेष्टनावरही तेच हात छापले गेले. वर्षाच्या आत पुण्यात पोरी दुकानदाराला तसल्याच बांगड्या मागू लागल्या, प्रत्येक वेगळ्या रंगाची. रविवार पेठेतल्या ज्या व्यापाऱ्याकडून आम्ही माल भरायचो, त्यानं अब्बांपुढं तयार मिसळलेली पेटी ठेवली आणि ही मुंबईची नवी फॅशन म्हणून सांगितलं. अब्बा घरी येईपर्यंत हसत होते. पुढे कितीतरी वर्षं कॉलेजातल्या मुली विजोड बांगड्या घालून मिरवल्या. कुणाला वाटलं ती एखाद्या मोठ्या वेशभूषाकाराची कल्पना. मी ऐकलं की तिथल्या तिथं सुधारते, लग्नात असो की बँकेच्या रांगेत. ती कल्पना बाजाराच्या दिवशी पौडात आमच्या पायरीवर झाली, आणि त्यात भुकूम, भूगाव आणि कासारसाईचा वाटा आहे.

तो दुसरा सिनेमा पुढच्या जत्रेत पौडला लागला. आपाला यायला जमलं नाही. आम्ही सतरंजीवर बसलो, पुढं काकू, मागं त्याच सगळ्या. आता कुणाचा नवरा मरत नाही ना, हे काकूंनी तंबूवाल्याला दारातच विचारून घेतलं होतं. गाणं सुरू झालं आणि आपानं पडद्यावर हात वर केला. कॅमेरा जवळ गेला, आणि त्या अंधारात बायका एकदम ओरडायला लागल्या.

"ती लाल माजी!"

"निळी बगा, निळी! माजी हाय ती!"

"आजीची काळी दिसली का गं?"

पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी गप्प बसा म्हणून खेकसलं. कोण ऐकतंय? काकू मागं वळल्या आणि अम्माच्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "भाबी, समद्यांच्या सापडल्या. तुजी कोंची गं त्यातली?"

अम्मा पडद्यावरून नजर न काढता बसली होती. तिचा गुडघा तालावर हलत होता.

"माजी?" ती म्हणाली. "त्यो हात माजा हाय."